नीटमध्ये मार्क कमी पडलेत: यंदाच प्रवेश घ्यावा की वर्षभर थांबावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. नीटचा, म्हणजे देशभरातल्या मेडिकल प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की प्रवेशाच्या शेवटच्या राउंडपर्यंत मुलं आणि पालक तेच ते प्रश्न विचारत राहतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. सगळी माहिती महाराष्ट्रातल्या मुलांना धरून आहे. प्रवेशाचे बारीक नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी सीईटी सेल (राज्यातले प्रवेश करणारा कक्ष) आणि एमसीसी (देशपातळीवरचे प्रवेश करणारी केंद्राची समिती) या दोघांचं त्या वर्षाचं माहितीपत्रक स्वतः वाचाच. शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी काय नियम लागला होता, त्यावर जाऊ नका.

१. बारावीला टक्के कमी पडलेत. आता मेडिकलचा विचार सोडून द्यायचा का?

नाही. एमबीबीएसची गुणवत्ता यादी फक्त नीटच्या मार्कांवर लागते. बारावीचे मार्क त्यात मिळवले जात नाहीत. बारावी लागते ती पात्रतेपुरती: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय पास हवेत, आणि पीसीबीच्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमाती व ओबीसींना ४० टक्के, खुल्या वर्गातल्या दिव्यांगांना ४५ टक्के हवेत. आपल्या बोर्डात तीन विषयांचे ३०० मार्क होतात, म्हणजे खुल्या वर्गातल्या मुलाला १५० लागतात. ईडब्ल्यूएसची (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातली) मुलं इथे हमखास फसतात. त्यांना जागांमध्ये आरक्षण आहे, पण ही ५० टक्क्यांची अट त्यांनाही खुल्या वर्गासारखीच लागू आहे.

तेव्हा बारावीला ५८ टक्के पडले म्हणून रडायचं कारण नाही. पीसीबीत १५० च्या खाली गेला असाल तर मात्र प्रश्न ११ पाहा.

२. मी नीट क्वालिफाय झालोय. मग सीट का मिळत नाही?

क्वालिफाय होणं म्हणजे काउन्सेलिंगच्या, म्हणजे जागावाटपाच्या, दारात उभं राहण्याची परवानगी. खुल्या वर्गासाठी ५० वा पर्सेंटाइल (परीक्षा दिलेल्यांपैकी निम्मी मुलं ज्या मार्कांच्या खाली राहतात ते मार्क) आणि राखीव प्रवर्गांसाठी ४० वा पर्सेंटाइल ही रेषा असते. २०२५ मध्ये खुल्या वर्गाची रेषा ७२० पैकी १४४ मार्कांवर होती आणि देशभरात १२ लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा सरकारी-खासगी सगळ्या धरून सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांतल्या साधारण नऊ जणांना एमबीबीएस मिळणारच नव्हतं.

‘पोरगं नीट पास झालं’ म्हणून पेढे वाटणाऱ्या घरांना हे सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगावंच लागतं. या पात्रतेचा उपयोग बीएएमएस (आयुर्वेद), बीडीएस (दंतवैद्यक), बीएचएमएस (होमिओपॅथी) आणि परदेशी शिक्षण या वाटांसाठी होतो (प्रश्न ७ आणि १२).

३. किती मार्क म्हणजे कमी? ४५० ला मिळेल का? ५२० ला मिळेल का?

नुसत्या मार्कांवर याचं उत्तर देता येत नाही, आणि कुणी छातीठोकपणे दिलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. २०२४ आणि २०२५ च्या निकालांकडे बघा. २०२४ मध्ये ६५० च्या वर मार्क मिळवणारी मुलं देशात सुमारे ३० हजार होती. २०२५ मध्ये फिजिक्सचा पेपर फार अवघड गेला, पहिला आलेला मुलगाच ६८६ वर थांबला, आणि ६५० च्या वर संपूर्ण देशात शंभरही मुलं नव्हती. मार्क तेच, पण एका वर्षी हजारोंच्या रांगेत आणि दुसऱ्या वर्षी थेट वरच्या शंभरात.

म्हणून बघायची ती रँक. तीन आकडे कागदावर लिहून घ्या: तुमची ऑल इंडिया रँक, सीईटी सेलच्या राज्य गुणवत्ता यादीतला क्रमांक आणि तुमच्या प्रवर्गातला क्रमांक. मग गेल्या वर्षीच्या पहिल्या नाही, शेवटच्या राउंडच्या याद्या काढा आणि तुमच्या प्रवर्गाला कोणत्या क्रमांकापर्यंत सरकारी, कोणत्या क्रमांकापर्यंत खासगी मिळालं ते बघा. दरवर्षी नवी कॉलेजं आणि जागा वाढताहेत, त्यामुळे थोडं पुढे-मागे होतं. पण दोनशे-चारशे क्रमांकांनी हुकलेला मुलगा आणि वीस हजारांनी हुकलेला मुलगा, या दोघांना एकच सल्ला देता येत नाही. पहिल्याने शेवटच्या राउंडपर्यंत चिवटपणे बसावं. दुसऱ्याने निकालाच्या दुसऱ्या आठवड्यात पुढचा निर्णय घ्यावा.

४. निर्णय नक्की कधीपर्यंत घ्यायचा? सगळे राउंड होईपर्यंत थांबलं तर चालेल ना?

राउंड संपायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो, कधी त्याच्याही पुढे जातं. तोपर्यंत ‘बघू काय होतंय’ म्हणत घरी बसलेल्या मुलाचे रिपीटचे चार महिने गेलेले असतात. मी मुलांना सांगते की दोन्ही गोष्टी सोबत चालू ठेवा. एमसीसी आणि सीईटी सेल दोन्हीकडे नोंदणी करा, फी भरा, पर्याय भरा, आणि अभ्यास निकालानंतरच्या आठवड्यातच सुरू करा. सीट लागली तर अकरावीचं फिजिक्स वाचलेलं कुणाचं वाया जात नाही.

राउंडनिहाय धोका मात्र वेगवेगळा आहे. एमसीसीच्या पहिल्या राउंडमध्ये लागलेली सीट घेतली नाही तरी नुकसान होत नाही. दुसऱ्यापासून अनामत रक्कम जाण्याची भीती असते. अभिमत विद्यापीठांसाठी ही अनामत दोन लाख रुपये आहे, त्यामुळे ‘सहज पर्याय टाकून ठेवला’ हे फार महागात पडतं. राज्याच्या कॅप राउंडमध्ये (सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेरीत) सीट घेतल्यावर स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे ‘हीच सीट ठेवतो’ असा, फॉर्म भरला, तर तुम्ही पुढच्या राउंडमधून बाहेर. नाही भरला आणि पुढे वरचा पर्याय लागला, तर आधीची सीट आपोआप जाते, परत मागता येत नाही.

एक नियम पाळा: शेवटच्या राउंडचे पर्याय भरण्याच्या आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी बसून यादी वाचायची. जे कॉलेज लागलं तर आपण शंभर टक्के जाणार, तेवढंच यादीत ठेवायचं. निर्णय सीट लागण्याआधीचा असतो. सीट लागल्यावर घेतला तर त्याला दंड लागतो (प्रश्न १३).

५. रिपीट करावं की नाही, हे कशावरून ठरवायचं?

उत्तरपत्रिकेवरून. परीक्षा घेणारी संस्था एनटीए ओएमआरची (गोल रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची) प्रत आणि उत्तरतालिका काही दिवसांपुरती उपलब्ध करून देते. ती मिळाल्या दिवशीच डाउनलोड करून प्रिंट काढा. माझ्याकडे ‘मॅडम, रिपीट करू का?’ विचारायला आलेल्या मुलाला मी आधी ती प्रिंट, प्रश्नपत्रिका आणि लाल पेन घेऊन बसवते.

समजा ४१२ मार्क आलेत. १८० प्रश्नांत बायोच्या ९० पैकी ६६ बरोबर, २४ चूक, म्हणजे २४०. केमिस्ट्रीच्या ४५ पैकी २७ बरोबर, १८ चूक, म्हणजे ९०. फिजिक्समध्ये २५ बरोबर, १८ चूक, २ सोडलेले, म्हणजे ८२. एकूण चुकलेले प्रश्न ६०. आता या साठांवर एकेक करून खूण करायची. ‘येत होतं पण चुकलं’: प्रश्नात ‘अयोग्य विधान ओळखा’ होतं आणि मी योग्य ओळखलं, एकक बदलायचं राहिलं, गोल भलताच रंगवला. ‘दोन पर्यायांत अडकलो’: वाचलं होतं पण पक्कं नव्हतं. ‘काहीच येत नव्हतं, ठोकून दिलं’: हा तिसरा ढीग.

चुकलेला प्रश्न बरोबर आला की चार मिळतात आणि गेलेला एक वाचतो, म्हणजे पाच मार्कांचा फरक. समजा पहिल्या ढिगात १४ आणि दुसऱ्यात २६ निघाले. पहिल्यातले दहा आणि दुसऱ्यातले पंधरा सुधारले, तर १२५ मार्क वाढतात आणि तोच मुलगा ५३७ वर जातो. याला मी डोळे झाकून म्हणते, थांब एक वर्ष. एनसीईआरटीचं बायो ओळ न ओळ, आणि सरावाच्या पेपरांनंतर हेच चुकांचं वर्गीकरण, वर्षभर.

पण तिसरा ढीगच ४५ चा निघाला, त्यात गतीचे नियम, कार्य-ऊर्जा, मोल संकल्पना ही अकरावीची प्रकरणं भरलेली असली, तर गोष्ट वेगळी आहे. लातूर, नांदेड, पुणे, कोटा, कुठल्याही क्लासची रिपीटर बॅच धावत सुटते. ती अकरावी पहिल्यापासून शिकवत नाही, उजळणी करून घेते. ज्याचं मुळात शिकायचंच राहिलंय त्याची उजळणी कशी होणार? अशा मुलानेही रिपीट करावं, पण आधीचे तीन महिने अकरावीला देऊन, शक्य तर लहान वर्गात किंवा एखाद्या शिक्षकाकडे बसून.

याच्या जोडीला मी एकच प्रश्न विचारते: यंदा नेमकं काय बदलणार आहे? तीच खोली, तोच मोबाइल, तेच झोपेचं वेळापत्रक आणि ‘आता जास्त मेहनत करणार’ हा निर्धार, इतकंच असेल तर साधारण तेवढेच मार्क येतात. आजारपण, घरातलं दुखणं, बोर्डाच्या प्रॅक्टिकलमध्ये गेलेला वेळ अशी ठोस कारणं होती आणि ती आता नसतील, तर वर्ष सत्कारणी लागण्याची शक्यता बरीच वाढते.

६. किती वेळा रिपीट करता येतं? वयाची अट आहे का?

प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत. वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये काढली गेली आणि प्रयत्नांच्या संख्येलाही मर्यादा नाही.

नियमाला मर्यादा नसली तरी घराला असते. माझं मत सांगते. पहिलं रिपीट बहुतेकांसाठी रास्त आहे, कारण पहिल्या प्रयत्नाच्या वर्षी बारावीचं बोर्ड मानगुटीवर असतं. दुसरं रिपीट तेव्हाच, जेव्हा पहिल्या रिपीटमध्ये रँक ठळक सुधारलीय आणि सीट थोडक्यात हुकलीय. दोन वर्षं रँक जागच्या जागी राहिली असेल तर तिसऱ्या वर्षासाठी मी कुणालाच प्रोत्साहन देत नाही. एकविसाव्या वर्षी हातात फक्त बारावीची गुणपत्रिका असलेल्या मुलाची अवस्था मी जवळून पाहते, आणि त्याला पुढे ढकलणारे नातेवाईक त्या वेळी आसपास नसतात. थांबायचंच असेल तर सोबत मुक्त विद्यापीठातून किंवा जवळच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घालून ठेवावं, म्हणजे दार उघडं राहतं.

७. बीएएमएस किंवा बीडीएस मिळतंय. ते घेऊन आतून पुन्हा नीट देऊ का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही: एक काहीतरी निवडा. बीएएमएसचं पहिलं वर्ष म्हणजे संस्कृत, पदार्थविज्ञान, रचना शारीर, क्रिया शारीर. हजेरीची सक्ती आणि विद्यापीठाची परीक्षा. त्यात नीटचा अभ्यास बसवणारी मुलं दोन्हीकडे अर्धवट राहतात. शिवाय पुढच्या वर्षी खरंच एमबीबीएस लागलं, तर आधीचा प्रवेश रद्द करून मूळ कागदपत्रं सोडवावी लागतात. खासगी कॉलेज उरलेल्या वर्षांची फी मागू शकतं, आणि ती भरेपर्यंत टीसी अडकून पडते. प्रवेश घेतानाच रद्द करण्याचे नियम लेखी मागून घ्या.

बीएएमएस साडेपाच वर्षांचं, बीडीएस पाच वर्षांचं, इंटर्नशिप धरून. दोन्ही स्वतंत्र, पूर्ण व्यवसाय आहेत. ज्याला आयुर्वेदात रस आहे, त्याने पहिल्याच वर्षी मनापासून जावं आणि ‘एमबीबीएस नाही मिळालं म्हणून’ हे वाक्य घरात कुणाला बोलू देऊ नये. ज्याला त्यात काडीचा रस नाही, त्याने दुसऱ्या कुणाची जागा अडवू नये. पशुवैद्यकाचाही विचार करा. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची, म्हणजे माफसूची प्रवेशप्रक्रिया वेगळी असते आणि तिचा फॉर्म भरायचा राहून गेला म्हणून हळहळणारी मुलं दरवर्षी भेटतात.

८. खासगी कॉलेजात लागतंय पण फी झेपत नाही. जमीन विकून घ्यावं का?

आधी आकडे नीट समजून घ्या. सरकारी कॉलेजची फी वर्षाला साधारण सव्वा-दीड लाखाच्या घरात. खासगी कॉलेजमधल्या ८५ टक्के जागा कॅपमधून भरतात आणि त्यांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, पण तीही अनेक लाखांत जाते. उरलेल्या १५ टक्के संस्थात्मक कोट्याची फी त्याच्या कितीतरी पट असते. अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस लाखांच्या आसपास धरून चाला. हे साडेचार वर्षं भरायचं आहे, त्यावर वसतिगृह आणि मेस वेगळी.

मुलीच्या पालकांनी हे नक्की पाहावं: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना कॅपमधून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशाची पूर्ण शिक्षण फी व परीक्षा फी माफ आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजही त्यात येतात. अभिमत विद्यापीठं आणि संस्थात्मक कोटा येत नाहीत. ‘खासगी आपल्याला परवडणार नाही’ म्हणून पर्यायच न भरलेल्या मुली मी पाहिल्यात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

जमिनीबद्दल: ज्या घराचं पोट त्याच जमिनीवर आहे, त्यांनी ती विकून अभिमतची सीट घेऊ नये असं मी स्पष्ट सांगते. एमबीबीएसनंतर पीजीची तयारी असते, आणि हाती पैसा यायला फी भरणाऱ्या बापाला वाटतं त्यापेक्षा खूप वेळ लागतो. त्या पैशाच्या अगदी लहान भागात रिपीटचं वर्ष निघतं.

आणि ‘मार्क कितीही असू द्या, आतून करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयासुद्धा देऊ नका. संस्थात्मक कोट्यासकट सगळ्या जागा नीटच्या गुणवत्तेवर, अधिकृत प्रक्रियेतूनच भरतात.

९. जात वैधता किंवा नॉन-क्रिमीलेअर हातात नाही. राखीव जागेतून फॉर्म भरू का?

कागद वेळेत आला नाही तर नाव खुल्या वर्गात जातं आणि कमी मार्कांचा मुलगा तिथे टिकत नाही. चांगली रँक कागदावाचून वाया जाते. जात पडताळणी समितीकडून वैधता यायला कित्येक महिने लागू शकतात, म्हणून अर्ज अकरावीतच टाकायचा असतो. नॉन-क्रिमीलेअरवर वैधतेची तारीख असते. ती प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंतची हवी. जुना दाखला पिशवीत आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तारीख वाचा.

ऑल इंडियाच्या १५ टक्के जागांसाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसीचं आरक्षण फक्त राज्याच्या जागांवर आहे. केंद्राच्या प्रक्रियेत ते चालत नाही. राज्य कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्र आणि साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली हवी. ‘राजस्थानातल्या कोटा शहरात क्लास आणि बारावी तिथल्याच डमी शाळेतून’ असा बेत करणाऱ्यांनी हे आधी वाचावं. राज्याच्या ८५ टक्के जागांवर पाणी सोडून ऑल इंडियाच्या १५ टक्क्यांत लढणं कमी मार्कांच्या मुलाला परवडत नाही.

रिपीट करायचं ठरलं, तर पहिलं काम कागदांचं. अभ्यास त्यानंतर.

१०. माझं बारावीला मॅथ्स होतं, बायो नव्हतं. आता मेडिकलला येता येईल का?

येतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केलंय. मान्यताप्राप्त बोर्डातून बायोलॉजी हा जादा विषय म्हणून बारावीनंतर पास झालेले विद्यार्थी नीट देऊ शकतात. पण नीटच्या १८० पैकी ९० प्रश्न बायोचे आहेत. ते शून्यापासून शिकून स्पर्धेत उतरायचं तर एक पूर्ण वर्ष धरा, आणि बायोची बोर्ड परीक्षा त्याच वर्षात बसवा.

११. नीटला मार्क बरे आहेत पण पीसीबीत ५० टक्के होत नाहीत. आता?

त्या वर्षी प्रवेश मिळत नाही. नीटच्या मार्कांनी ही अट भरून निघत नाही. महाराष्ट्र बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेत पास झालेल्या मुलांना लगतच्या परीक्षांना पुन्हा बसता येतं आणि जुलैची पुरवणी परीक्षाही त्यासाठी घेता येते. निकाल लागताच मुख्याध्यापकांकडे जाऊन फॉर्म भरा. मुदत फार थोडी असते. पुरवणीचा निकाल प्रवेशाच्या कागदपत्र तपासणीआधी हातात आला, तरच त्याच वर्षी उपयोग. नाही तर रिपीटच्या वर्षात फेब्रुवारीची बोर्ड परीक्षा आणि मे महिन्यातली नीट, दोन्ही धरायच्या. इथे बोर्डाला दुय्यम समजू नका. १४९ वर अडकलेल्या मुलाला नीटचे ६०० मार्कसुद्धा प्रवेश देऊ शकत नाहीत.

१२. इथे नाही मिळालं तर रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स? तिकडे मार्क लागत नाहीत म्हणे.

नीट पात्रता तिकडेही लागते. फक्त ती तीन वर्षं ग्राह्य धरतात. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, त्याच संस्थेत १२ महिन्यांच्या इंटर्नशिपसह हवा, आणि त्या पदवीवर त्याच देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळायला हवा. सगळं मिळून दहा वर्षांत संपवायचं. परतल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशातून शिकून आलेल्या डॉक्टरांसाठीची चाळणी: ३०० मार्कांची परीक्षा, १५० ला पास, आणि बहुतेक वेळा बसलेल्यांपैकी पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारेच कितीतरी जास्त असतात. त्यानंतर इथेही एक वर्ष इंटर्नशिप.

म्हणजे सोपा प्रवेश घेऊन अवघड परीक्षा सहा वर्षं पुढे ढकलली जाते, आणि तोवर तीस-चाळीस लाख रुपये गेलेले असतात. ज्या मुलाचा पाया कच्चा आहे त्याच्यासाठी ही वाट जास्त धोक्याची आहे, कमी नाही. २०२२ मध्ये युक्रेनमधून मुलं कशी परतली ते सगळ्यांनी पाहिलंय. जायचंच असेल तर एजंटच्या पत्रकावर विसंबू नका. वर्ग खरोखर इंग्रजीत भरतात का आणि तिथल्या रुग्णांशी कोणत्या भाषेत बोलावं लागतं, हे सध्या तिथे शिकणाऱ्या मराठी मुलांना गाठून विचारा.

१३. स्ट्रे राउंडमध्ये (उरलेल्या जागांच्या शेवटच्या राउंडमध्ये) सीट लागली आणि घेतली नाही तर काय होतं?

एमसीसीच्या गेल्या काही वर्षांच्या नियमांप्रमाणे अनामत जप्त होते आणि पुढच्या वर्षी नीट देण्यावर बंदी येऊ शकते. म्हणजे रिपीट करायचं ठरवलेल्या मुलाचं पुढचं वर्षही जातं. ‘लागली तर लागली’ म्हणून स्ट्रेमध्ये भलतेसलते पर्याय टाकू नका. प्रवेश घेऊन अंतिम तारखेनंतर सीट सोडणाऱ्यांना दंडाचे वेगळे नियम आहेत. ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात ‘सीट सोडणे’ या भागात असतात.

१४. मुळात अभ्यासात मध्यम असलेल्या मुलाला एमबीबीएस झेपेल का?

झेपतं, अभ्यासाची सवय असेल तर. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री या पहिल्या वर्षाच्या विषयांत फिजिक्सची गणितं नाहीत, पाठांतर आणि समज अफाट आहे. फिजिक्समुळे नीटला मागे पडलेली, बायोत पक्की असलेली मुलं तिथे छान रमतात. मर्यादाही माहीत असू द्या: पहिलं वर्ष जास्तीत जास्त चार प्रयत्नांत आणि संपूर्ण कोर्स नऊ वर्षांत पूर्ण करावा लागतो. सरकारी कॉलेजातून शिकल्यावर एक वर्ष शासकीय सेवेचा बाँड असतो.

१५. निकालापासून मुलगी बोलतच नाही, जेवत नाही. रिपीटचं कधी विचारू?

आत्ता नाही. आधी जेवण, झोप आणि घराबाहेर पडणं. काही दिवस नीट हा शब्द घरात काढू नका आणि आलेल्या-गेलेल्यालाही काढू देऊ नका. निराशेचं, जगणं नको असल्याचं बोलणं कानावर आलं, तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या. टेली मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, १४४१६ वर कधीही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येतं. राउंडच्या तारखा तुम्ही सांभाळा, नोंदणी तिच्या संमतीने तुम्ही करून ठेवा. उत्तरपत्रिका घेऊन बसण्याचं काम (प्रश्न ५) ती स्वतःहून तयार झाल्यावरच करायचं, मग त्याला महिना लागला तरी चालेल.

१६. गॅप पडला तर पुढे अडचण येते का?

प्रवेशाला नाही. गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, तहसील किंवा सेतू केंद्रात होतं. त्या काळात दुसऱ्या कोर्सला नाव घातलं असेल तर ते लपवू नका, तिथला दाखला जोडा. प्रतिज्ञापत्रात एक आणि टीसीवर दुसरंच निघालं, तर कागदपत्र तपासणीत सीट जाऊ शकते.